२५३ पॅटर्न आणि आमचा एक हॉल

बाबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला खुणेनं विचारत होते, "मी दिसतो का?"

माझा अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल चालू होता. मी खिडकीकडे तोंड करून बसायचो, चेहऱ्यावर उजेड छान यायचा. कॅमेऱ्यात माझ्या मागचा सगळा हॉल दिसायचा: डावीकडे नवा एल-आकाराचा सोफा, उजवीकडे टीव्ही युनिट, मधून दरवाजापर्यंत जाणारी वाट. पाणी प्यायला वर आलेल्या बाबांना परत खाली जायला हीच एक वाट होती. मी 'हो, दिसता' अशी मान हलवली. ते तिथेच थांबले. कॉल संपायला वीस मिनिटं लागली. मग ते चपला घालून खाली गेले, वॉचमनच्या केबिनशेजारच्या बाकड्यावर.

खरवईतलं आमचं घर वन बीएचके आहे. माणसं चार: आजी, आई, बाबा आणि मी. हॉल दहा बाय चौदा फूट. बाबा रिटायर झाले त्या वर्षी मी तो नव्यानं करून घेतला. फॉल्स सीलिंग, राखाडी पॅनल, लपवलेले दिवे. 'आता तुम्ही आरामात बसा,' असं म्हणून केला होता. तीस वर्षं लोकलला लटकलेल्या माणसाला मी बसायला जागा करून देत होतो. नंतर ते रोज संध्याकाळी खाली बसायला लागले तेव्हा मला वाटलं, चला, मित्र मिळाले.

याच काळात मी एक पुस्तक वाचत होतो. या लेखात त्याच्याशी थोडं भांडायचं आहे.

क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांचं 'अ पॅटर्न लँग्वेज' १९७७ साली आलं. अकराशेहून जास्त पानं, २५३ पॅटर्न. प्रत्येक पॅटर्न म्हणजे एक नेहमीची अडचण आणि तिच्यावरचा उपाय. सुरुवात प्रदेश आणि शहरांपासून, मग गल्ली, घर, खोली, आणि शेवटी खुर्ची. इंजिनिअरिंग केलेल्यांना पॅटर्न हा शब्द ओळखीचा असेल. १९९४ साली आलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकानं ही कल्पना अलेक्झांडरकडूनच घेतली. १९९५ साली वॉर्ड कनिंगहॅमनं जगातला पहिला विकी सुरू केला, तोही प्रोग्रॅमिंगचे पॅटर्न गोळा करायला. म्हणजे आपण फोनवर विकिपीडिया उघडतो त्याच्या मुळाशी एका आर्किटेक्टची कल्पना आहे. मी परीक्षेपुरते ते पॅटर्न पाठ केले, नोकरीत वापरले. मूळ पुस्तक खुर्च्यांबद्दलही आहे हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळलं.

तर खुर्च्या. पॅटर्न क्रमांक २५१ सांगतो की एका जागी सगळ्या खुर्च्या सारख्या ठेवू नका. माणसांचे आकार वेगळे, बसायच्या तऱ्हा वेगळ्या. कुणाला ताठ पाठ लागते, कुणाला पाय वर घ्यायचे असतात. वाचताना मी समोर बघितलं. आमच्या सोफ्यावर सहा माणसं बसू शकतात, पण सहाही जणांना एकाच पद्धतीनं बसावं लागतं, तोंड टीव्हीकडे करून. आजीला तो इतका खोल होतो की उठताना हात द्यावा लागतो. बाबांची नायलॉनच्या पट्ट्यांची घडीची खुर्ची मी माळ्यावर टाकली होती. भंगारात देणार होतो, आईनं देऊ दिली नाही.

पॅटर्न १८० खिडकीजवळच्या जागेबद्दल आहे. खोलीत शिरलेल्या माणसाला दोन ओढी असतात: टेकावंसं वाटतं आणि उजेडाकडे जावंसं वाटतं. बसायची जागा एकीकडे आणि खिडकी दुसरीकडे असली की तो त्या खोलीत कधी स्थिरावत नाही. आमच्या हॉलला खिडकी एकच. तिथे पूर्वी बाबांची खुर्ची असायची. सुट्टीच्या दिवशी ते तिथे पेपर वाचायचे, एमआयडीसीतून सुटलेली माणसं बघायचे, कोण कुठे चाललंय ते आईला सांगायचे. तिथे आता माझं टेबल होतं.

पॅटर्न १२९ मला सगळ्यात जास्त लागला. घरातली सगळ्यांची जागा घराच्या मध्यावर हवी, येताजाता तिच्या कडेनं जावं लागेल अशी, पण ती वाट जागेच्या पोटातून जाऊ नये. कडेनं वाट असली की माणूस जाता जाता थांबतो, दोन शब्द बोलतो, वाटलं तर बसतो. वाट मधून गेली की बसलेला अवघडतो आणि जाणाराही. सोफ्याच्या आखूड बाजूनं आमची वाट नेमकी मधोमध ढकलली होती, आणि वर मी त्या वाटेवर कॅमेरा रोखला होता.

हे पुस्तकाचं मोठेपण. इंटिरिअरची रील्स बघताना आपण खोली कशी दिसते ते बघतो. अलेक्झांडर विचारतो, खोलीत कोण कुठे बसतं, तिथून त्याला कोण दिसतं, आणि त्याला उठून जावंसं का वाटतं. सोफ्याचा रंग त्याच्या हिशेबात फार मागे येतो. १९९६ साली प्रोग्रॅमरांच्या एका मोठ्या परिषदेत त्यानं भाषण केलं, तेव्हाही त्याचा प्रश्न साधारण असाच होता: तुम्ही माझे पॅटर्न घेतलेत, पण त्यामुळे माणसांचं जगणं सुधारतंय का? मी तर त्याच्याच क्षेत्रात त्याची चूक करून बसलो होतो.

आता भांडण.

पॅटर्न १५९ म्हणतो, प्रत्येक खोलीला दोन बाजूंनी उजेड हवा. या पॅटर्नला दोन तारे आहेत. अलेक्झांडर ज्याबद्दल सगळ्यात ठाम असतो त्याला तो दोन तारे देतो, जरा कमी खात्री असेल तर एक, आणि नसेलच तर एकही नाही. ही प्रामाणिक पद्धत मला फार आवडते, आमच्या कोडलाही असे तारे हवेत. पण आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. हॉलच्या एका बाजूला शेजारी, दुसऱ्या बाजूला आमचीच बेडरूम, तिसऱ्या बाजूला जिना. दुसरी खिडकी पाडायची कुठे? समजा पाडली आणि ती पश्चिमेला आली, तर बदलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, तिच्यावर पहिल्याच दुपारी जाड पडदा चढेल. आपल्याकडे दुसरी खिडकी उजेडापेक्षा वाऱ्यासाठी हवी. त्या दोन ताऱ्यांतला एक खरवईत गळून पडतो.

पुस्तक ज्या 'तुम्हा'शी बोलतं तो स्वतःचं घर बांधणारा आहे. आपण घरात येतो ते स्लॅब पडल्यावर, भिंती उभ्या राहिल्यावर, कर्ज मंजूर झाल्यावर. २५३ पैकी आपल्या हातात उरतात ते शेवटचे मोजके. हे अपरिहार्य आहे असंही नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्यात, सीबीडी बेलापूरला, चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सिडकोसाठी आर्टिस्ट्स व्हिलेज बांधलं. लहान प्लॉट, पण घरांच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक नाहीत. त्यामुळे कुटुंब वाढेल तसं घर वाढवता येतं, आणि काही घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण. तिथला रहिवासी पॅटर्न १५९ वाचून काही करू शकतो. मी वाचून फक्त उसासा टाकू शकतो.

दुसरी तक्रार जास्त खोल आहे. पॅटर्न १४१ म्हणतो, घरातल्या प्रत्येकाला स्वतःची खोली हवी, निदान स्वतःचा कोनाडा तरी. अलेक्झांडरला आपल्याकडची माहिती नव्हती असं नाही. १९६४ सालच्या त्याच्या पुस्तकात एका भारतीय गावाचा आराखडा आहे, १४१ गरजांची यादी करून मांडलेला. (हा १४१ चा योगायोग मला उगाच आवडतो.) तरी 'पॅटर्न लँग्वेज'मधल्या घरात एका जागी बहुधा एकच गोष्ट घडते. इथे जेवायचं, इथे बसायचं, इथे झोपायचं.

आमच्या हॉलचं वेळापत्रक बघा. पहाटे पाचला तिथे आजीची पोथी असते. आठला डबे आणि इस्त्री. अकराला आईची भाजी निवडणं. दुपारी आजीची झोप. संध्याकाळी सातपासून माझं ऑफिस. साडेनऊला जेवणं. अकराला सोफा पुढे ओढला की त्याचा पलंग होतो, त्यावर आजी, आणि खाली गादीवर बाबा. एका खोलीत दिवसभरात पाच-सहा खोल्या येऊन जातात. इथे भिंतीचं काम घड्याळ करतं. मराठी सिनेमाला हे केव्हाच कळलं होतं. राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई'मध्ये, १९७० साली, गच्च भरलेल्या घरातल्या नव्या जोडप्याला हवा असतो तो थोडासा एकांत. दोनच वर्षांनी बासू चॅटर्जींनी त्यावरून हिंदीत 'पिया का घर' केला. पन्नासेक वर्षं झाली, चाळीच्या जागी लिफ्टची बिल्डिंग आली, आणि एकांत अजूनही आपण वेळेच्या हिशेबातच मागतो.

म्हणून मला २५४वा पॅटर्न लिहावासा वाटतो. अडचण: एका खोलीत अनेक खोल्या आळीपाळीनं राहतात, आणि ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याचा पगार चालू त्याची खोली बाकीच्यांच्या वेळा गिळत जाते. उपाय: खोली मांडण्याआधी तिचं चोवीस तासांचं वेळापत्रक लिहा. ज्याच्या नावावर एकही तास नाही असा माणूस शोधा. पहिली जागा त्याला द्या.

मी लिहिलं. बाबांच्या नावावर रात्री अकरा ते पहाटे पाच, एवढंच होतं. गादीवर झोपलेले.

बाकी काम एका रविवारचं होतं. टेबल खिडकीतून काढून दरवाजाजवळच्या कोपऱ्यात नेलं आणि मी पाठ भिंतीला लावून बसलो, आता कॅमेऱ्याला फक्त भिंत दिसते. सोफ्याची आखूड बाजू सुटी होत होती, ती काढून भिंतीला लावली, वाट कडेला गेली. आजीला ताठ पाठीची लाकडी खुर्ची आणली. लपवलेले दिवे सगळे एकदम लागतात आणि एकदम विझतात, म्हणून पॅटर्न २५२ वाचून एक साधा टेबललॅम्प घेतला; माझा कॉल लांबला तरी आजीच्या डोळ्यांवर उजेड येत नाही. या सगळ्याला मिळून त्या फॉल्स सीलिंगच्या दहाव्या हिश्श्याइतकेही पैसे लागले नाहीत. माळ्यावरची खुर्ची पुसून खिडकीत ठेवली. ती राखाडी पॅनलसमोर भयानक दिसते. अलेक्झांडरचा शेवटचा, २५३वा पॅटर्न म्हणतो की घरात फॅशनच्या वस्तूंपेक्षा आपल्या आयुष्यातल्या वस्तू असाव्यात. त्याला किती तारे आहेत ते मी मुद्दाम बघितलं नाही.

बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन तिथे बसले. माझा कॉल सुरू झाला तेव्हा त्यांनी मान वळवून पुन्हा खुणेनं विचारलं, दिसतो का? मी नाही म्हणालो. त्यांनी पान उलटलं.

गुरुवारी कॉल संपवून बघतो तर खुर्ची रिकामी. माझ्या पोटात गोळा आला. खाली गेलो. बाकड्यावर बाबा, वॉचमन आणि बी विंगमधले दोन काका. मी म्हटलं, "वर का नाही बसलात?"

"डाव अर्धा राहिला होता कालचा," बाबा पत्त्यांवरून नजर न काढता म्हणाले. "तू जा. ये खाली कधी, कॉल नसेल तेव्हा."