मंटो, पत्र्याच्या ट्रंकांत

साहित्यावर बेतलेली व्हिडिओ मांडणशिल्पे आंतरराष्ट्रीय कलामहोत्सवांत आता नवलाची राहिलेली नाहीत. २००८च्या सिडनी बिएनालेत विल्यम केंट्रिजने गोगोलचे ‘नाक’ आठ पडद्यांवर नाचवले, तेव्हाच ती रुळली होती. पण फलकावर लेखकाचे नाव आले म्हणून साहित्य दालनात आले असे होत नाही. चित्रकार नलिनी मालानी यांची तीन कामे शेजारी ठेवली तर हे चांगले कळते.

१९९८च्या मे महिन्यात पोखरणला आणि पाठोपाठ पाकिस्तानात चाघीला अणुचाचण्या झाल्या. त्यानंतर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मालानींनी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ मांडले. मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ या कथेत फाळणीनंतर वेड्यांचीही वाटणी होते आणि त्यांतला बिशनसिंग दोन देशांमधल्या बेवारस जमिनीवर कोसळतो. कराचीत जन्मून निर्वासित म्हणून इकडे आलेल्या मालानींनी ती कथा सांगितलीच नाही. खाली पत्र्याच्या ट्रंका, त्यांत गोधड्या आणि मॉनिटर. समोरासमोरच्या भिंतींवर दोन बायका एकाच साडीची घडी घालू पाहतात. दोघींच्या मध्ये अख्खे दालन. घडी जमत नाही. आणि प्रेक्षक उभा असतो तो नेमका मधल्या जागेत, म्हणजे बिशनसिंगच्या. कथेचे याहून नेमके वाचन मला दुसऱ्या कुठल्या मांडणीत आढळलेले नाही.

२०१२ साली कासेलच्या डॉक्युमेंटात आलेले ‘इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड’ अधिक गाजले. आतून रंगवलेली मायलार प्लास्टिकची पाच नळकांडी फिरत राहतात, व्हिडिओचा प्रकाश त्यांतून आरपार जातो आणि भिंतीभर सावल्या धावतात. डोळ्यांना ते विलक्षणच आहे. पण शीर्षक फैजचे, कॅसांड्रा क्रिस्टा वोल्फची, शिवाय महाश्वेतादेवींची ‘द्रौपदी’ ही कथा, रिल्के, बेकेट, हायनर म्युलर, आणि हे सगळे अकरा मिनिटांत! सेनानायकासमोर विवस्त्र उभ्या राहणाऱ्या त्या कथेतल्या दोपदीला सोबतीला रिल्के कशाला हवा? (फैजची ओळ कासेलला पोचली तीही आगा शाहिद अलींच्या इंग्रजीतून. ज्याला असा अनुवादक भेटत नाही, त्या लेखकाला महोत्सवाचे दार सहसा उघडत नाही. आपल्या बाबुराव बागुलांसारख्यांची अडचण अनेक वर्षे तीच होती.)

अलीकडचे ‘कॅन यू हिअर मी?’ आयपॅडवर बोटाने काढलेले. २०२०मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत त्यातली ८८ चलचित्रे नऊ प्रक्षेपणांतून भिंतींवर एकमेकांवर आदळत होती. ऑर्वेल, ब्रेख्त, शिंबोर्स्का यांची वाक्ये त्यांत वाचकाने समासात खरडावीत तशी येतात, अर्धवट पुसली जातात. हात कासेलपेक्षा मोकळा आहे, गर्दी मात्र तीच. यातली बरीच चित्रे मालानींनी इन्स्टाग्रामवरही टाकली. मला ती तिथेच जास्त भिडतात: पडदा तळहाताएवढा असला, तरी एका वेळी एकच लेखक बोलत असतो.