नाणेघाटांतील रांजण व जकातीची कथा

ठाणें जिल्ह्यांतील मुरबाड तालुक्यांत वैशाखरें गांवापासून सह्याद्रीच्या धारेवर चढणारा नाणेघाट हा कल्याण बंदरास जुन्नराशीं जोडणारा पुरातन मार्ग होय. हल्लीं जुन्नराकडून माथ्यापर्यंत मोटार जाते, व पावसाळ्यांत कड्यावरून कोंकण पाहण्यास गर्दी लोटते. तेथें येणाऱ्यास माथ्यावरील दगडी रांजण दाखवून एक कथा हटकून सांगतात: सातवाहनकाळीं व्यापारी यांत जकातीचीं नाणीं टाकीत, व त्यावरूनच घाटास हें नांव पडलें. ही कथा छापील लेखनांतहि निःशंकपणें येऊं लागली आहे. म्हणून तिची छाननी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम नांव पाहूं. संस्कृत 'नाणक' शब्द याज्ञवल्क्यस्मृतींत व मृच्छकटिकांत येतो. परंतु घाटांतील लेण्याच्या प्राकृत लेखांत दक्षिणेच्या नाण्यांस 'काहापण', म्हणजे कार्षापण, म्हटलें आहे. शिवाय नाना व गुणा या भावांची लोककथा याच नांवाची निराळी उपपत्ति लावते. अशा वादग्रस्त नांवावर इतिहास उभारतां येत नाहीं.

आतां लेख. साइक्स यांनीं १८२८ त हें लेणें विद्वानांच्या नजरेस आणलें. भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतील अंकांचा उलगडा केला. ब्यूलर यांनीं १८८३ त पाठ प्रसिद्ध केला. राणी नागनिकेचा मानल्या जाणाऱ्या या लेखांत अश्वमेध, राजसूय इत्यादि यज्ञ व त्यांतील गाई, घोडे, कार्षापण यांची दक्षिणा मोजलेली आहे. वाचतां येणाऱ्या भागांत जकातीचा वा रांजणाचा उल्लेख नाहीं. उलट राजाचें विशेषण 'अपतिहतचक' असें आहे. त्याचें चक्र कोणी अडवूं शकलें नाहीं, हा त्याचा अर्थ. जेथें मूर्ती होत्या तेथील नांवांत एक महारठीहि आहे. ही भाषा सत्तेची आहे, नाक्याची नव्हे.

व्यापार या सत्तेच्याच आश्रयानें चाले. कल्याणास चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचास नेत, असें पेरिप्लसकार सांगतो. घाटाच्या पाठीशीं जीवधन, चावंड, हडसर व शिवनेरी हे किल्ले आहेत. १६३६ त माहुलीच्या वेढ्यानंतर शहाजीराजांस मोगलांच्या स्वाधीन करावे लागलेल्या किल्ल्यांत जीवधन व हडसर होते. १८१८ त इंग्रजांनीं जीवधन घेतला. ज्याच्या हातीं हे किल्ले, त्याच्या हातीं वाट, हाच या मार्गाचा खरा इतिहास होय. रांजणाच्या कथेनें तो झांकला जातो.

येथें जकात कधींच नव्हती, असें आमचें म्हणणें नाहीं. एवढ्या राबत्या वाटेवर ती असणें संभवनीय आहे. परंतु संभव म्हणजे प्रमाण नव्हे. कोणा संग्राहकाच्या दप्तरांत या घाटाच्या जकातीचा एखादा कागद असल्यास त्यांनीं तो अवश्य प्रसिद्ध करावा. तो त्याच्या शतकापुरतें प्रमाण होईल, दोन हजार वर्षांपूर्वींचें नव्हे.

लेण्यांतील मूर्ती केव्हांच नाहींशा झाल्या. लेखाचीं अक्षरेंहि झिजत आहेत. लोक रांजणापाशीं थांबतात व लेखाकडे पाठ फिरवून परततात. रांजण मुका आहे, म्हणून त्याच्या तोंडीं वाटेल तें घालतां येतें. लेख बोलतो आहे. तो बोलतो आहे तोंवर त्याचें ऐकावें.