रॅपमधला ‘मी’ नेमका कोण?

हिप-हॉपवर संशोधन आराखडा लिहायला बसलं की पहिल्या पानावर दोन वाक्यं जवळपास आपोआप येतात. एक, ‘रॅप हा उपेक्षितांचा खराखुरा आवाज आहे.’ दुसरं, ‘पोवाडा म्हणजे आपला रॅपच.’ तुम्ही पेट पास होऊन गाइड शोधत असाल तर ही वाक्यं लिहिलीही असतील, निदान सेमिनारमध्ये ऐकली तरी असतील. दोन्ही खोटी नाहीत. पण दोन्हींच्या आड एक प्रश्न लपून राहतो आणि माझ्या मते रॅपमधल्या गोष्टीचा अभ्यास तिथूनच सुरू व्हायला हवा. गाण्यात जो ‘मी’ बोलतो, तो कोण?

प्रश्न साधा दिसतो. पण तो चुकला तर प्रबंधातलं एक प्रकरण फसतं, आणि कधी कधी गाणाऱ्या पोराच्या मागे पोलीस स्टेशनच्या चकरा लागतात. त्याकडे येतोच. आधी गाणी बघू.

तीन गाणी, तीन ‘मी’

हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा धरतात. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तो दिवस. सुरुवातीचा रॅप नाचणाऱ्यांना चेव आणण्यापुरता होता. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह यांचं ‘द मेसेज’ आलं आणि वस्तीतलं जगणं गाण्याच्या मध्यभागी आलं. तिथून पुढे रॅपमध्ये गोष्ट सांगण्याच्या किती तऱ्हा निघाल्या, हे कळायला तीन गाणी पुरेत.

टुपाक शकूरचं ‘ब्रेंडाज गॉट अ बेबी’ (१९९१) बारा वर्षांच्या एका मुलीची गोष्ट सांगतं. मुळात ती वर्तमानपत्रातली बातमी. टुपाक इथे वस्तीतला माणूस म्हणून बोलतो, पण गोष्ट त्याची नाही, ब्रेंडाची आहे. नासच्या ‘आय गेव्ह यू पॉवर’ (१९९६) मध्ये ‘मी’ म्हणजे चक्क पिस्तूल. हातोहात फिरणारं, वापरलं जाणारं, कंटाळलेलं पिस्तूल स्वतःची कैफियत मांडतं. एमिनेमच्या ‘स्टॅन’ (२०००) मध्ये पहिली तीन कडवी एका वेड्या चाहत्याची आहेत आणि चौथं रॅपरचं उत्तर. ते उत्तर उशिरा लिहिलं जातं. काय घडून गेलंय हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, रॅपरला ते लिहिता लिहिता कळतं. शिवाय मागे पेन्सिलीची खरखर आहे, पावसाचा आवाज आहे. म्हणजे गोष्ट शब्दांइतकीच ध्वनीतूनही सांगितली जाते. हे गाणं फक्त कागदावर वाचून जो विश्लेषण लिहील, त्याच्या हातून अर्धी गोष्ट सुटेल.

कथनशास्त्राच्या पेपरला तुम्ही जेरार जेनेत वाचलाच असेल. कोण बोलतं आणि कोण पाहतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा त्याचा मुद्दा. कथा-कादंबरीला आपण तो बिनदिक्कत लावतो. कादंबरीतला ‘मी’ खुनी निघाला म्हणून कुणी लेखकाच्या दारात पोलीस पाठवत नाही. रॅपच्या वेळी मात्र हीच शिस्त आपण विसरतो. काऊन?

आपल्याकडे हे नवीन नाही

आता पोवाड्याकडे येऊ. अफजलखानवधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा घ्या. त्यात शाहीर गोष्टीच्या बाहेर उभा राहून गोष्ट सांगतो. लढतो राजा, सांगतो शाहीर, आणि ‘जी जी’ म्हणत त्याला दुजोरा देतात झीलकरी. शाहीर आपलं नाव सहसा शेवटी घालतो, जशी अभंगात नाममुद्रा येते तशी. नाव म्हणजे सही. ‘हे मी रचलं’ एवढंच ती सही सांगते, ‘हे माझ्यावर गुदरलं’ असं नाही.

लावणीत तर याहून मजेदार प्रकार. होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर, सगनभाऊ हे सगळे पुरुष. त्यांच्या कितीतरी लावण्यांत ‘मी’ बाई आहे. ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ झाला नाही. रचणारा एक, बोलणारी दुसरी, आणि नाचून दाखवणारी तिसरी, हे मराठी श्रोत्याला शेकडो वर्षं सहज कळत आलंय.

तिसरं उदाहरण अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड. गावाकडून मुंबईला आलेला माणूस मागे राहिलेल्या मैनेसाठी झुरतो. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावहून मुंबईत आलेले, गिरणीत काम केलेले. त्यामुळे हा ‘मी’ त्यांचाच वाटतो. पण छक्कड पुढे सरकते आणि ताटातूट झालेल्या मैनेच्या जागी संयुक्त महाराष्ट्राबाहेर राहिलेला मुलूख येतो. एका माणसाचा ‘मी’ बघता बघता एका प्रदेशाचा होतो. हे अनुभवातून आलंय हे खरंच. पण अनुभव आपोआप असा वळत नाही, त्याला तसं वळवावं लागतं. ते अण्णा भाऊंचं कसब आहे.

म्हणून ‘पोवाडा म्हणजे आपला रॅपच’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. ते ठेका आणि जोश जुळवतं आणि तिथेच थांबतं. निवेदकाच्या जागेचा विचार केला तर टुपाकचं ब्रेंडावरचं गाणं पोवाड्याच्या जवळ जातं, नासचं पिस्तूल लावणीच्या जवळ. आणि रॅपचा जो सगळ्यात ओळखीचा प्रकार आहे, ‘हा मी, ही माझी गल्ली, हे माझं नाव’ असा, तो यातल्या कशाच्याच फार जवळ नाही. तिथे नाव शेवटी सही म्हणून येत नाही, पहिल्याच ओळींत छाती पुढे काढून येतं. रॅपचा अलिखित नियम असा की जे जगलास तेच बोल. त्यामुळे रचणारा आणि बोलणारा यांच्यातली फट बुजते. निदान बुजल्यासारखी दिसते.

वऱ्हाडी बोलणारा निवेदक

आता आपल्या मुलखातलं उदाहरण. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर ‘१००आरबीएच’ या नावाने रॅप करतो. नावातला शंभरचा आकडा ‘सौ’ असा वाचायचा, की झालं सौरभ. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या बहुभाषी समूहातून तो पुढे आला आणि त्याच्या रॅपमध्ये वऱ्हाडी आहे.

याचं कौतुक करताना बहुतेक जण ‘मातीतली भाषा’ म्हणून मोकळे होतात. मला त्यात वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते, आणि ती कळायला मराठी कादंबरी आठवावी लागते. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० ची. कौतिकची शोकांतिका सांगणाऱ्या या कादंबरीत माणसं वऱ्हाडी बोलतात, निवेदक मात्र प्रमाण मराठीत सांगतो. माणसं ‘मले’ म्हणतात, त्यांची गोष्ट सांगणारा ‘मला’वाला असतो. मराठी गद्यात बोलीची जागा बरीच वर्षं अशी अवतरणचिन्हांच्या आत राहिली. मंचावर वऱ्हाडी मोकळेपणाने आली, पण तिथे बऱ्याचदा ऐकणारा हसायच्या तयारीनेच बसलेला असायचा. विठ्ठल वाघ आणि आपल्या यवतमाळचे शंकर बडे यांनी कवितेत ही चौकट ओलांडली, बडे यांच्या ‘बॅरिस्टर गुलब्या’ने तर एकट्याच्या बळावर मंच गाजवला.

रॅपमध्ये ती अवतरणचिन्हंच गळून पडतात. इथे निवेदकच ‘मले’ म्हणतो. तो वऱ्हाडीत फक्त रडत-हसत नाही, वऱ्हाडीत युक्तिवाद करतो, सरकारला जाब विचारतो, स्वतःची फुशारकीही मारतो. गोष्टीत कोण कोणाबद्दल बोलतं, हा अधिकार बदलला. माझ्या मते वऱ्हाडी रॅपचं खरं योगदान हे आहे, आणि ते ‘अस्सल’ या एका शब्दात मावत नाही.

याच समूहाचं २०१९ मधलं ‘द वारली रिव्होल्ट’ या अंगाने ऐकून बघा. विषय मुंबईच्या आरे जंगलाचा आणि तिथल्या आदिवासींचा. या गाण्यात आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा स्वतःचा आवाज आहे. म्हणजे रॅपरांनी आदिवासींच्या वतीने ‘मी’ म्हणून विषय संपवला नाही, ज्याचा प्रश्न आहे त्याच्या आवाजाला शेजारी जागा दिली. दुसऱ्याची गोष्ट कोणत्या हक्काने सांगायची, हा आपल्याही संशोधनातला जुना पेच आहे. इथे त्याचं उत्तर गाण्याच्या रचनेतच दिलेलं आहे.

चुकीच्या वाचनाची किंमत

आता सुरुवातीला म्हटलं तिकडे येतो. रॅपमधला ‘मी’ म्हणजे रॅपरच, असं सरसकट धरलं तर काय होतं? अमेरिकेत रॅपची गाणी फौजदारी खटल्यांत पुरावा म्हणून मांडली गेली, काव्यातला ‘मी’ कबुलीजबाबासारखा वाचला गेला. एरिक निल्सन आणि अँड्रिया डेनिस यांचं ‘रॅप ऑन ट्रायल’ (२०१९) हे पुस्तक याच विषयावर आहे. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा वापरावर बंधनं घालणारा कायदा केला. आपल्याकडे एप्रिल २०२३ मध्ये दोन मराठी रॅपरांवर राजकीय आशयाच्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. ती प्रकरणं वेगळी आहेत, तिथे कबुलीजबाबाचा प्रश्न नव्हता. पण गाण्याकडे रचना म्हणून बघायचं की सरळ विधान म्हणून, हा तिढा तोच.

दुसरी किंमत कमी दिसते. टीव्हीवरच्या स्पर्धांमध्ये गाण्याआधी स्पर्धकाच्या संघर्षाची चित्रफीत दाखवतात. मग गाणं त्या चित्रफितीचा पुरावा होऊन बसतं. श्रोता यमक, श्वास, निवेदकाची चाल काहीच ऐकत नाही, फक्त दुःख खरं आहे ना एवढंच तपासतो. आपले शोधनिबंधही अनेकदा हेच करतात. रॅपरची जात, वस्ती, शिक्षण यावर चार पानं, आणि गाण्यावर एक परिच्छेद. गरीब घरच्या पोराकडे अनुभव असतो आणि कला दुसऱ्या कुणाकडे, असा याचा छुपा अर्थ होतो. कौतुक करता करता आपण त्याला कलावंत मानायचं नाकारतो.

इथे समोरची बाजूही ऐकायला हवी. ‘मी’ ही फक्त रचना आहे असं म्हणून मोकळं होणं हीसुद्धा पळवाटच. वस्तीतल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या नावाने ‘मी’ म्हणायचं आणि संशोधकाने लगेच म्हणायचं की हा ‘मी’ तू नव्हेसच, यातही एक उर्मटपणा आहे. त्यामुळे फट आहे की नाही यावर वाद घालण्यापेक्षा ती या गाण्यात, या ओळीला किती रुंद आहे, हे मोजलेलं बरं. अण्णा भाऊंच्या मैनेत ती सुरुवातीला जवळपास नाही, शेवटाकडे बरीच आहे. नासच्या पिस्तुलात पहिल्या क्षणापासून आहे. ‘वारली रिव्होल्ट’मध्ये ती दोन आवाजांच्या मधे आहे.

कळंबमध्ये बसून काय करता येईल

हे सगळं करायला मुंबईला जायची गरज नाही. समजा, कळंबचा एखादा पोट्टा २०१७ च्या फवारणीवर रॅप लिहायला बसला. त्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो जण दवाखान्यात गेले. यात ‘मी’ कोण असेल? पाठीवर पंप घेतलेला मजूर? त्याची बायको? ज्याचं वावर आहे तो कास्तकार? औषध विकणारा दुकानदार? की नासच्या पिस्तुलासारखा खुद्द पंपच? प्रत्येक निवडीत दोष दुसऱ्याच्या माथी जातो. मजूर बोलला तर मालकही दिसतो, मालक बोलला तर कदाचित फक्त दुकान दिसेल. निवेदक निवडणं म्हणजे इथे सरळ सरळ बाजू घेणं आहे.

अगदी गावाच्या नावातही हे आहे. रॅपर आपलं गाव ठणकावून सांगतो. पण नुसतं ‘कळंब’ म्हटलं की बाहेरचा विचारतो, धाराशिवचं का? मग पोराला ‘यवतमाळ’ जोडावं लागतं, किंवा ‘चिंतामणीचं कळंब’ म्हणावं लागतं. यातलं काय निवडलं, त्यावरून तो कोणाशी बोलतोय ते कळतं. गाववाल्याला चिंतामणी सांगायची गरज नसते.

तेव्हा आराखडा लिहिण्याआधी एवढं करा. एकच गाणं घ्या. यूट्यूबच्या आपोआप येणाऱ्या ओळींवर विसंबू नका, वऱ्हाडी तिथे हमखास बिघडते. स्वतः ऐकून, मिनिट-सेकंदासह उतरवा. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने करा: कोण बोलतंय, कोणाला, आणि आवाज कुठे बदलला. मुलाखत घ्यायची असेल तर हा तक्ता झाल्यावर घ्या, आणि रॅपरला ‘हे तुमच्यासोबत खरंच घडलं का’ याऐवजी ‘हे तुम्ही याच माणसाच्या तोंडी का दिलं’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढं उत्तर मिळेल. दुसऱ्यावर तो तासभर बोलेल, आणि तुमच्या प्रबंधाचं प्रकरण त्या तासात असेल.