इथं कुणीच कच्चा लिंबू नाही

जहाजावर मुखवटा घातलेला एक बुटका उभा आहे. त्याच्या एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात पांढरा. तो जो झेंडा वर करील तोच आपणही वर करायचा. चुकीचा उचलला की बाद, उचलायला उशीर झाला तरी बाद. एवढाच खेळ. सुरुवातीला बुटका सरळ वागतो. मग लाल झेंडा अर्धा उचलतो, थबकतो आणि ऐनवेळी पांढरा वर करतो. आपला अंगठा तोवर लाल दाबून मोकळा झालेला असतो. ‘मारिओ पार्टी’ या जपानी व्हिडिओ गेमच्या मालिकेतला हा ‘शाय गाय सेज’ नावाचा छोटा खेळ मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ‘शिवाजी म्हणतो, हात वर’ खेळतच आपण मोठे झालो.

तरी दोन्हींत एक फरक आहे आणि रस तिथंच आहे. ‘शिवाजी म्हणतो’मध्ये फसवणूक कानाची असते. ‘शिवाजी म्हणतो’ हे शब्द गाळून नुसतं ‘खाली बसा’ म्हटलं की अर्धा वर्ग बसतो. इथं फसतो तो डोळा. खेळ रचणाऱ्यानं हाताशी धरलाय फक्त क्षणाचा एक तुकडा: झेंडा हलू लागण्यापासून तो पुरता वर जाईपर्यंतचा. घाई केली तर फसाल, फार थांबलात तर उशीर होईल. या दोन चुकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत चार माणसं श्वास रोखून बसतात. एवढ्या थोड्या साहित्यात एवढा ताण उभा करणं ही कारागिरी आहे, आणि तिच्याकडे कारागिरी म्हणूनच पाहायला हवं.

‘मारिओ पार्टी’चा पहिला भाग डिसेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये आला. तो बनवला साप्पोरोच्या हडसन सॉफ्ट कंपनीनं आणि बाजारात आणला निन्टेन्डोनं. ही निन्टेन्डो १८८९ मध्ये क्योटोत सुरू झाली तेव्हा खेळायचे पत्ते बनवत होती. चार माणसांनी एकत्र बसून खेळायचं ही कल्पना त्या घराला नवी नव्हती. नवं होतं ते यंत्र. ‘निन्टेन्डो ६४’ला चार कंट्रोलर जोडायच्या चार खाचा मुळातच होत्या, त्यामुळे चौघांचा खेळ घरच्या टीव्हीवर सहज शक्य झाला. पडद्यावर सापशिडीसारखा एक पट असतो. फासा टाकून प्रत्येक जण पुढं सरकतो. चौघांची एकेक पाळी झाली की सगळे मिळून एक छोटा खेळ खेळतात. तो जिंकणाऱ्याला बहुधा दहा नाणी मिळतात आणि वीस नाण्यांना एक तारा विकत घेता येतो. ज्याचे तारे जास्त, तो विजेता. पट हे नुसतं निमित्त. जीव आहे तो या छोट्या खेळांत, मिनी-गेममध्ये.

कोणता मिनी-गेम येणार हे कसं ठरतं, तेही बघण्यासारखं आहे. पाळी संपताना जो ज्या रंगाच्या घरावर उभा असेल, त्यावरून जोड्या पडतात. चौघांचा रंग एक असेल तर प्रत्येक जण आपापला. दोन निळे आणि दोन लाल असतील तर दोघांविरुद्ध दोघं. एकटाच वेगळ्या रंगावर असेल तर एकाविरुद्ध तिघं. ‘मी याच्या बाजूनं खेळणार नाही’ म्हणायला जागाच उरत नाही. पाच मिनिटांपूर्वी ज्याचा तारा तुम्ही पळवला, तोच आता तुमचा जोडीदार होतो. घरातली भांडणं फार वेळ टिकू नयेत अशी सोय खेळाच्या नियमातच करून ठेवलेली आहे.

आता ‘हनीकोम हॅवक’ बघा. झाडावर ओळीनं फळं लटकलेली असतात आणि त्या ओळीत अधूनमधून मधाचं मोहोळ. आपल्या पाळीला एक फळ घ्यायचं किंवा दोन. ज्याच्या वाट्याला मोहोळ आलं त्याच्या मागं माश्या लागतात आणि तो बाद. मेळघाट ज्या जिल्ह्यात आहे त्या आमच्या अमरावतीच्या माणसाला मोहोळ म्हणजे काय हे सांगायला नको. पण या खेळाची खरी गंमत मोजण्यात आहे. शेवटी दोघं उरले की हिशेब साफ होतो. मोहोळाच्या आधी तीन फळं ठेवून पाळी समोरच्याकडे गेली की समोरचा अडकला. त्यानं एक घेतलं तर आपण दोन घ्यायची, त्यानं दोन घेतली तर आपण एक. दोन्ही वाटांनी मोहोळ त्याच्याच माथी. सहा फळं राहिली तरी तेच, नऊ राहिली तरी तेच. गणितज्ञांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असल्या उचलाउचलीच्या खेळांचा सिद्धांत मांडला होता. इथं तो सिद्धांत माश्यांच्या घोंघावण्यात लपवलेला आहे. आठवीतल्या पोराला तो दोन डावांत उमगतो आणि मग त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण चौघं असताना हा हिशेब चालत नाही, कारण मधल्या दोघांची मर्जी आपल्या हातात नसते. हुशारीला वाव आहे, पण तो शेवटच्या काही फळांपुरताच. हे प्रमाण कुणीतरी फार विचार करून बेतलं असणार.

‘बम्पर बॉल्स’ याच्या अगदी उलट. एका गोल बेटावर चौघं आपापल्या मोठ्या चेंडूवर उभे. चेंडू लोळवत दुसऱ्याला ढकलायचं, कडेवरून खाली पाडायचं. डोकं कमी, अंदाज जास्त. पण एक नियम त्यात चव आणतो. वेळ संपली आणि दोघं बेटावर टिकून राहिले तर बरोबरी, कुणालाच काही नाही. मग आतापर्यंत स्वतःला सांभाळत कडेनं फिरणारा शेवटच्या दहा सेकंदांत धाडस करतो, कारण नुसतं टिकून भागत नाही. भित्र्यालाही एकदा तरी शूर व्हायला लावणारा हा नियम मला फार आवडतो.

‘सुपर मारिओ पार्टी’ ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘स्विच’ या यंत्रासाठी आली. तिच्यात हातातलं छोटं जॉय-कॉन हलवून, तिरपं करून खेळायचे बरेच खेळ आहेत. त्यातल्या ‘सिझलिंग स्टेक्स’मध्ये प्रत्येकापुढं तापलेला तवा आणि त्यावर मांसाचा चौकोनी तुकडा. जॉय-कॉन तव्याच्या मुठीसारखं धरायचं आणि मनगटाच्या हिसक्यानं तुकडा उलटत उलटत त्याच्या सहाही बाजू भाजून काढायच्या. ज्याच्या सहाही बाजू आधी भाजून होतील तो जिंकला. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्यानं दिवाळीत हे यंत्र आमच्या अमरावतीतल्या साईनगरच्या घरी आणलं, तेव्हा आजीनं याच खेळात तिघा नातवंडांना मागं टाकलं. पोरं जोर लावत होती, त्यांचा तुकडा हवेत दोन कोलांट्या घेऊन भाजलेल्याच बाजूवर पडत होता. आजी तुकडा बघत होती. कोणती बाजू कच्ची आहे ते पाहून ती मनगट जेमतेम हलवायची. ‘आजी, जोरात हलव न वो!’ नातू ओरडला. ‘जोर कायले पाह्यजे? त्याले पलटू तर दे,’ ती म्हणाली आणि तिची सहावी बाजू भाजून झाली. आयुष्यभर चुलीपुढं कमावलेली नजर त्या पडद्यावर थेट उपयोगी पडली. ज्या घरात मांस शिजत नाही त्या घरातही.

या खेळांचं मोठेपण मला इथं दिसतं. आपल्या गल्लीतल्या खेळांत लहान भावंडाला ‘कच्चा लिंबू’ करून घेतात. तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि त्याचं बाद होणं कुणी मोजत नाही. त्यात माया असते, पण त्याला खरा खेळाडू धरलेलं नसतं, आणि हे सगळ्यात आधी त्या पोरालाच कळतं. मोठ्या व्हिडिओ गेमपुढं घरातली वडीलधारी माणसं अशीच कच्चा लिंबू होतात. पोरं त्यांच्या हातात कंट्रोलर देतात आणि त्यांच्या बाजूनं स्वतःच बटणं दाबतात. मिनी-गेमनं ही सवलत संपवली. नियम एका दमात सांगून होतो, सुरू करण्याआधी सराव करता येतो, डाव साधारण मिनिटभराचा. पुढचा खेळ वेगळा, म्हणून मागच्या खेळातली हुशारी तिथं कामाची नाही. एकाला मोजता येतं, दुसऱ्याचे डोळे तेज, तिसरीचं मनगट जाणतं. प्रत्येकाचा कधी ना कधी खेळ येतोच. आणि डाव लहान असल्यामुळे हरणंही लहान होतं. हरल्याचं वाईट वाटेपर्यंत पुढचा खेळ सुरू झालेला असतो.

मालिकेत उणिवाही आहेत. पहिल्या भागात काही खेळ कंट्रोलरवरची काठी गरागरा फिरवायचे होते. मुलं ती तळहातानं घासत, हातांना फोड येत. अमेरिकेत तक्रारी झाल्या आणि २००० मध्ये निन्टेन्डोनं तिथल्या मुलांना हातमोजे देण्याचं कबूल केलं. नुसती ताकद मोजणारा खेळ सर्वांत आधी शिळा होतो, हे त्यातून दिसतं. शेवटी वाटल्या जाणाऱ्या बक्षिसी ताऱ्यांनी जिंकत आलेला माणूस एकाएकी हरतो, हेही कित्येकांना खटकतं. मला मात्र ते समजतं. नशीब काढून टाकलं तर तिसऱ्या डावानंतर घरातला एकच जण खेळत बसेल. ऑक्टोबर २०२१ च्या ‘मारिओ पार्टी सुपरस्टार्स’मध्ये जुन्या भागांतले शंभर मिनी-गेम निवडून परत आणले. वीस वर्षांनी त्यांतले बरेचसे तितकेच ताजे वाटतात, कारण त्यांचा जीव चित्रांच्या झगमगाटात कधी नव्हताच.

आणि आपल्या वऱ्हाडाला हे सगळं अनोळखी नाही. भाद्रपद पौर्णिमेला घरोघरी भुलाबाई बसते, कोजागिरीला तिची पाठवणी होते. पोरी टिपऱ्या वाजवत घरोघर गाणी म्हणतात आणि गाणी संपली की खरा डाव रंगतो: खिरापत ओळखायची. घरची बाई झाकलेला डबा हलवते. खुळखुळला तर फुटाणे असतील, शेंगदाणे असतील. आवाजच आला नाही तर शिरा? की मुद्दाम गच्च भरलेल्या करंज्या? ‘गोड की तिखट?’, ‘तळलेलं की भाजलेलं?’ एकेका प्रश्नानं पर्याय गळत जातात. नियम सांगावा लागत नाही, डाव दोन मिनिटांचा, आणि चार वर्षांची पोर कधी कधी मोठ्या बहिणीच्या आधी ओळखते. कान, जिभेची आठवण आणि तर्क या तिन्हींचा हा खेळ कुठल्याही मिनी-गेमच्या तोडीचा आहे. एका बाबतीत तर तो मारिओच्या पुढं जातो. मारिओकडे नाणी जिंकणाऱ्याला मिळतात. भुलाबाईकडे कुणालाच ओळखता आलं नाही तरी डबा उघडतो आणि खिरापत सगळ्यांच्या हातावर पडते.

याच वऱ्हाडातल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झालं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं आपले देशी खेळ जगापुढं मांडले. मैदानी खेळांकडे या शहरानं इतकं गंभीरपणे पाहिलं. घरातल्या, अंगणातल्या, दोन मिनिटांच्या खेळांकडेही तसंच पाहायची वेळ आली आहे. हडसनच्या मंडळींनी पोराटोरांच्या खेळांतलं मर्म हेरलं, सेकंद मोजले, नियम तासले आणि त्यांतून जगभरच्या घरांना एकत्र बसवणारी मालिका उभी केली. खिरापतीचा डबा, ‘शिवाजी म्हणतो’, डोंगर-पाणी हा कच्चा माल आपल्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या पडून आहे. आपल्याकडे संगणक शिकणाऱ्या मुलामुलींची कमी नाही. त्यांनी मारिओची नक्कल करू नये. त्याचे छोटे खेळ नीट उकलून बघावेत, आणि मग आपल्या आजीकडून भुलाबाईच्या डब्याचे सगळे डावपेच विचारून घ्यावेत.