चित्र आणि पाठ : औंधकर पंतप्रतिनिधींच्या कलाश्रयाचें परीक्षण

दात्याचें स्मरण दोन प्रकारें करतां येतें : दानाची रक्कम सांगून, किंवा त्या दानापासून जें निष्पन्न झालें तें पारखून. पहिला मार्ग सोपा आहे. जुन्या पोथ्यांची पारख करणाऱ्या वाचकांसमोर दुसराच पत्करणें उचित, असें आम्हांस वाटतें.

औंध संस्थानचे अधिपति श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं निघालें. पुढें १९१८ सालीं महाभारताची चिकित्सित व सचित्र आवृत्ति काढावी, अशी सूचना त्यांनीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढें मांडली व तीसाठीं एक लाख रुपये देऊं केले. १ एप्रिल १९१९ रोजीं कार्यारंभ झाला. आदिपर्वाच्या १९३३ च्या ग्रंथावर संपादक डॉ. सुखठणकर यांच्या नांवासोबत, प्राचीन नमुन्यांवरून चित्रें काढणारे म्हणून बाळासाहेबांचेंहि नांव आहे.

ह्या चित्रांविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. वेष, अलंकार व आयुधें जुन्या शिल्पांवरून घ्यावीं, ही दृष्टि कल्पनेच्या स्वैर विलासापेक्षां निश्चित श्रेष्ठ. परंतु ज्या काव्याची घडण अनेक शतकें चालली, त्यास एका कालाच्या शिल्पाचा पेहराव चढविल्यानें तें चित्र साक्षीदार होत नाहीं. संपादकानें प्रतींचा वंशवृक्ष लावून पाठ ठरविला. तसा वंशवृक्ष चित्रकारास उपलब्ध नव्हता. म्हणून हीं चित्रें टीकेच्या पंक्तीस बसवावीं, मूळ पाठाच्या नव्हे.

आतां दुसरी बाजू. हस्तलिखितांच्या साक्षीनें गणपति लेखक झाल्याची कथा मूळ पाठांतून निघून परिशिष्टांत गेली. पुढें १९४४ च्या सभापर्वांत, एजर्टन यांच्या संपादनांत, वस्त्रहरणप्रसंगीं द्रौपदीनें केलेला श्रीकृष्णाचा धांवाहि संहितेबाहेर राहिला. हे दोन्ही प्रसंग चित्रकारास मोहविणारे व कीर्तनकारास प्राणाहून प्रिय. आम्हीं स्वतः शाळेंत गणपतीच्या लेखणीची कथा वर्षानुवर्षें सांगितली. ती परिशिष्टांत पाहिली तेव्हां घरांतलें माणूस ओसरीवर बसविल्यासारखें वाटलें. चित्रें काढणाऱ्या कीर्तनकार राजाच्या सूचनेंतून निघालेल्या ग्रंथांत हें घडलें, हें विसरतां येत नाहीं. येथें आश्रयदात्याची आवड पाठाची नियामक झाली नाहीं, पोथ्या झाल्या. आमच्या मतें ह्या आश्रयाचें खरें मोल लाखाच्या आंकड्यापेक्षां ह्यांत आहे. एकूण १२५९ हस्तलिखितें ताडून १९६६ सालीं तें कार्य संपलें. तें पाहण्यास बाळासाहेब नव्हते.

हेंच औदार्य औंधच्या टेकडीवरील संग्रहालयांत दिसतें. १९३८ सालीं उघडलेल्या त्या वास्तूंत रविवर्म्याचीं चित्रें आहेत, तशीच हेन्री मूर यांची माता व बालक ही शिल्पकृतीहि आहे. पौराणिक चित्रांत रमणाऱ्या हातानें ही कृति जवळ करावी, ह्यावरून दृष्टीचा विस्तार कळतो. तेथें प्रतिकृतीहि आहेत, आणि त्यांस कोणी नाक मुरडूं नये. मूळ पोथी दूर असतां चांगली नक्कलच विद्यार्थ्यास शिकविते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. खेड्यांतील मुलास दूरदेशींची कला डोळ्यांनीं पाहतां यावी, हेंहि कलाशिक्षणच होय.

बाळासाहेबांची तूलिका कोठें तोकडी पडली, हें आम्हीं वर नि:संकोच लिहिलें. त्यांचा आश्रय मात्र त्यांच्या तूलिकेच्या पुढें गेला. आपल्या रुचीहून मोठ्या कार्यास द्रव्य देणारा दाता विरळा. पाठभेद पारखणाऱ्यांनीं तरी हा भेद ओळखावा. असो.