दिसलेला उजेड आणि पुढच्या ओव्या



पत्रिकेवर आजच्या विषयाचं नाव जरा भारदस्त छापलं गेलंय. आम्ही साध्या शब्दांत सांगतो. डोळे मिटून ध्यानाला बसलं की काही जणांना आत उजेड दिसतो. कुणाला ज्योत, कुणाला निळा ठिपका, कुणाला नुसतंच चांदणं. या उजेडाबद्दल आपल्याकडची जुनी पुस्तकं काय म्हणतात आणि आज आपण ती कशी वाचतो, एवढंच आज बघायचंय. आमची तक्रार उजेडाबद्दल नाही, वाचण्याबद्दल आहे.

यवतमाळात आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. पहाटे देवघरात निरांजन लावायचं, त्याच्याकडे टक लावून बघायचं आणि मग डोळे मिटून बसायचं, हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. आम्ही लहानपणी विचारलं, "आजी, काय दिसते?" तर म्हणाल्या, "डोये मिटले का ज्योत दिसते बाप्पा." आम्ही म्हटलं, "मंग?" त्या म्हणाल्या, "मंग काय, चाय मांडतो."

हे उत्तर तेव्हा आम्हाला गमतीचं वाटलं होतं. त्याकडे आपण शेवटी परत येऊ.

आता दुसरी हकीकत. आमच्या नात्यातले एक काका, दारव्हा तालुक्यातले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ध्यानाला लागले. कुणाच्या तरी मार्गदर्शनाखाली त्राटक सुरू केलं. काही महिन्यांनी त्यांना उजव्या बाजूला वीज चमकल्यासारखं दिसायला लागलं. अंधारात जास्त, डोळे मिटले तरीही. मार्गदर्शक म्हणाले, प्रगती आहे, कुणाजवळ बोलू नका. काका बोलले नाहीत. तीनेक आठवड्यांनी त्या डोळ्यावर कोपऱ्यातून काळा पडदा सरकत आला, तेव्हा घरच्यांना कळलं. डोळ्याचा पडदा सुटला होता. उशीर झाला होता. तो डोळा गेला.

मार्गदर्शकांचं नाव आम्ही घेणार नाही. तो माणूस लबाड होता असंही आम्हाला वाटत नाही. त्याने जे वाचलं होतं तेच सांगितलं. म्हणून तर आम्हाला वाचण्याबद्दल बोलायचंय.

आधी शरीराचं सांगून टाकू. दिव्याकडे टक लावून बघितलं की बुबुळामागच्या पडद्यावर एकाच जागी प्रकाश पडत राहतो. तिथलं प्रकाश टिपणारं द्रव्य तात्पुरतं कमी होतं. डोळे मिटल्यावर त्याच जागेचा ठसा दिसतो, आधी उजळ, मग उलट्या रंगाचा. हा ठसा ओळखायची सोपी खूण आहे. डोळे उघडून जवळच्या भिंतीकडे बघा, ठसा लहान दिसेल. लांबच्या भिंतीकडे बघा, तोच ठसा मोठा दिसेल. नजर फिरवाल तिकडे तो येईल. दुसरा प्रकार दाबामुळे होतो. बोटांनी डोळे झाकून बसायच्या मुद्रेत पापण्यांवर दाब पडला की ठिणग्या दिसतात, तो डोळ्याच्या पडद्यावरचा दाब असतो. तिसरा प्रकार असा की पूर्ण अंधारातही डोळा आणि मेंदू कधी गप्प बसत नाहीत. काहीतरी करडं, हलणारं दिसतच राहतं. युरोपात पुर्किंये नावाच्या शास्त्रज्ञाने १८१९ साली असल्या दिसण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता.

आणि चौथा प्रकार काकांचा. एकाच डोळ्याच्या कडेला अचानक चमक, सोबत नवे काळे ठिपके किंवा जाळं, मग पडदा. हे दिसलं तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. साधना नंतर. आजच्या भाषणातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या.

तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं खोटंच म्हणायचं का? नाही. भूक कशी लागते हे कळलं म्हणून जेवणाची चव खोटी ठरत नाही. उजेड दिसल्यावर माणसाला धीर येतो, मन शांत होतं, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की त्या उजेडाला किती किंमत द्यायची. आणि इथे जुनी पुस्तकं आपल्यापेक्षा कितीतरी सावध आहेत.

त्राटकापासूनच सुरू करू. हठप्रदीपिकेत त्राटक कुठे येतं? नेती, धौती, बस्ती, नौली, कपालभाती यांच्या रांगेत. ही सहा शुद्धिकर्मं. पोट साफ करायचं, नाक साफ करायचं, तसंच डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बारीक लक्ष्याकडे बघायचं. फायदा सांगितलाय तो डोळ्यांचे विकार आणि आळस जाण्याचा. आजचं वैद्यक तो फायदा मानेल असं नाही, पण आमचा मुद्दा जागेचा आहे. ग्रंथकाराने ही क्रिया झाडलोटीच्या खात्यात लिहिलीय. आपण ती गाभाऱ्यात नेऊन ठेवली.

पतंजलीचं बघा. योगसूत्रांच्या पहिल्या पादात मन स्थिर करण्याचे उपाय एकामागून एक येतात. त्यात तेजोमय, शोकरहित अशा अवस्थेचा उल्लेख आहे, छत्तिसाव्या सूत्रात. अंतर्ज्योतीचे सगळे प्रवक्ते हे सूत्र सांगतात. पण ते यादीतलं एक कलम आहे. त्याच्या आधी श्वास आहे, नंतर स्वप्न आणि झोपेचा आधार आहे, आणि यादीच्या शेवटी तर तुम्हाला आवडेल त्याचं ध्यान करा अशी मोकळीक आहे. आणि यादीची सुरुवात कशाने होते? मैत्री, करुणा, दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद आणि वाईटाकडे उपेक्षा, यांनी. तेहतिसावं सूत्र. उजेडाच्या तीन पायऱ्या आधी शेजारी येतो. पुढे विभूतिपादात असाधारण दिसणं-ऐकणं ही समाधीतली विघ्नं आहेत, असंही पतंजली स्पष्ट सांगतो.

आपल्या जिल्ह्यात गावोगाव बुद्धविहार आहेत, म्हणून बौद्ध परंपरेचंही सांगतो. विसुद्धिमग्ग हा बुद्धघोषाचा ग्रंथ. विपश्यना करणाऱ्याच्या वाटेत येणारे दहा उपक्लेश त्यात मोजलेत. उपक्लेश म्हणजे मळ. त्यांतला पहिलाच 'ओभास', म्हणजे उजेड. साधकाला तेज दिसतं, त्याला वाटतं पोचलो, आणि तो तिथेच बसतो. हे दहापैकी पहिलं, कारण भुलायला ते सगळ्यांत सोपं.

आता घरचं पुस्तक, ज्ञानेश्वरी. सहावा अध्याय. अंतर्ज्योतीवर बोलणारा प्रत्येक मराठी माणूस याच अध्यायाचा हवाला देतो, आणि ते साहजिक आहे. गीतेतल्या मोजक्या श्लोकांवर ज्ञानदेवांनी तिथे नाथपंथाचं सगळं गुपित मोकळं केलंय. आसन, बंध, अर्धवट ढळलेल्या पापण्या, कुंकवात न्हालेल्या नागिणीच्या पिल्लासारखी कुंडलिनी, ती जागी झाल्यावर नव्याने उजळणारं शरीर. इतकं देखणं वर्णन मराठीत थोडंच असेल. वाचताना आपलेही डोळे दिपतात.

पण दिपलेल्या डोळ्यांनी आपण पुस्तक मिटतो, आणि आमची तक्रार नेमकी हीच. हा भाग साधारण पंधराव्या श्लोकापाशी संपतो. अध्याय सत्तेचाळीस श्लोकांचा आहे. पुढे काय आहे? एकोणतीस ते बत्तीस या श्लोकांत कृष्ण सांगतो की योगी सगळ्या भूतांत स्वतःला बघतो, आणि दुसऱ्याचं सुखदुःख स्वतःच्या मापाने मोजतो. 'पाहणं' हेच क्रियापद आहे, पण बघायची वस्तू बदलली. आधी नजर आत वळवली, आता ती बाहेर आली आणि समोरच्या माणसावर येऊन थांबली. त्याच्यापुढे अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, हे मला जमायचं नाही. आणि त्याचं समाधान झाल्यावर तो विचारतो, अर्ध्यात सुटलेल्या माणसाचं काय होतं? म्हणजे आपल्यासारख्यांची काळजीसुद्धा याच अध्यायात आहे. कुंडलिनीपाशी थांबणाऱ्याला ती दिसतच नाही.

कुणी म्हणेल, अकराव्या अध्यायाचं काय? विश्वरूपाहून मोठा उजेड कुठला? बरोबर आहे. आणि हा आक्षेप आम्हाला सोपा जात नाही. अर्जुन घाबरतो, पहिलं ओळखीचं रूप मागतो, आणि ज्ञानेश्वरीत देव त्याला चक्क रागावतात, की एवढं मोठं सोडून लहान काय मागतोस. म्हणजे ज्ञानदेवांना तेजाची किंमत नव्हती असं म्हणता येणार नाही. पण तिथेही अध्याय कुठे संपतो ते बघा. ज्याला कुठल्याच भूताशी वैर नाही तो माझ्यापर्यंत येतो, या श्लोकावर. दोन्ही अध्यायांत तेज मध्यावर आहे. मग पुढचं वाचायचं राहून का जातं?

आमच्या मते कारण साधं आहे. उजेड मोजता येतो. काल ठिपका होता, आज ज्योत दिसली, उद्या सूर्य दिसेल. शिबिरात हात वर करून सांगता येतं. वैर कमी झालं का, हे तसं सांगता येत नाही. ते घरच्यांना विचारावं लागतं, आणि घरचे काय सांगतील याची भीती असते.

आपल्या वऱ्हाडाने ही अडचण ओळखली होती असं आम्हाला वाटतं. दोन उदाहरणं देतो. अमरावती जिल्ह्यातले गुलाबराव महाराज, जन्म १८८१. नऊ महिन्यांचे असताना दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून वाचून घेत त्यांनी वेदान्तापासून स्पेन्सर-डार्विनपर्यंत सगळ्यांशी वाद घातला, शंभरावर लहानमोठे ग्रंथ रचले आणि १९१५ साली, चौतिसाव्या वर्षी गेले. लोकांनी त्यांना 'प्रज्ञाचक्षू' म्हटलं. त्यांचा आतला अनुभव काय होता यावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही लोकांनी दिलेल्या नावाबद्दल बोलतोय. इथल्या माणसांनी 'चक्षू' हा शब्द समजेच्या बाजूने वापरला, दिसण्याच्या बाजूने नाही.

दुसरे तुकडोजी महाराज. गुरुदेव सेवा मंडळाची पहाट आपल्यातल्या अनेकांनी लहानपणी बघितली असेल. सामुदायिक ध्यान, ग्रामसफाई आणि रामधून, हे सगळं एका दिनक्रमात. ध्यानातून उठलेल्या माणसाच्या हातात खराटा दिला. १९५५ च्या ग्रामगीतेत प्रार्थना आणि गावाची स्वच्छता या वेगळ्या गोष्टी नाहीतच. डोळे मिटून काय दिसलं हे तिथे कुणी विचारत नव्हतं. डोळे उघडल्यावर नाली दिसली का, एवढं बघत होते. या पद्धतीतही दोष शिरले, सवयीने ध्यान उरकणंही आलं. पण वाचन पूर्ण होतं. उजेडापुढचं पान त्यांनी गाळलं नव्हतं.

हे सगळं आम्ही यवतमाळात बसून का बोलतोय तेही सांगतो. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना आपल्या जिल्ह्यात विषबाधा झाली. वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. धूसर दिसतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, ही त्यांतल्या कितीतरी जणांची तक्रार होती. त्या दिवसांत आम्ही स्वतः एका ध्यानाच्या वर्गाला जात होतो. वर्गात रोज कुणाला काय दिसलं याची चर्चा व्हायची. वर्गापासून दवाखाना पायी दहा मिनिटांवर. आमच्यापैकी एकालाही तिकडे जावंसं वाटलं नाही, आम्हालाही नाही. सहाव्या अध्यायातला बत्तिसावा श्लोक आम्हाला पाठ होता.

म्हणून ही टीका दुसऱ्या कुणावर नाही. अर्धं पुस्तक आम्हीच वाचलं होतं.

शेवटी त्या आजींकडे येऊ. त्यांच्या घरात सून पहाटे रानात निंदायला जायची. तिला निघायच्या आधी गरम चहा मिळावा म्हणून म्हातारी ध्यानातून उठायची. ज्योत दिसली त्या दिवशीही, नाही दिसली त्या दिवशीही. हे आम्हाला फार उशिरा कळलं, त्या गेल्यावर, त्यांच्या सुनेकडून.

घरी गेल्यावर ज्ञानेश्वरी काढा. कुंडलिनीचा भाग पुन्हा वाचा, मन भरून वाचा. आणि तिथे खूण घालून ठेवू नका, पान उलटा. आता प्रश्न घेऊ. मागच्या ओळीत मघापासून कुणाचा तरी हात वर आहे.