सात हजार म्हणजे किती?

संशोधनाची तयारी करताय ना? मग आज एक साधा भागाकार करू या.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये केंद्र सरकारने ट्रान्सजेंडर व्यक्तींना 1500 रुपये आणि रेशन किट अशी मदत दिली. सरकारी आकड्यानुसार देशभरात सुमारे 7000 जणांना तिचा लाभ झाला. वाचताना वाटतं, चला, मदत पोहोचली. पण हा झाला फक्त अंश. छेद कुठे आहे? 2011 च्या जनगणनेत 'इतर' या रकान्यात 4,87,803 लोक होते. भागून बघा, दीड टक्कासुद्धा भरत नाही. शिवाय कितीतरी ट्रान्स स्त्रियांची नोंद 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशीच झालेली असते. म्हणजे छेदही अपुराच.

बाकीच्या कुठे गळल्या? कागदांत. एप्रिल ते जून 2020 मध्ये महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा 500 रुपये जमा झाले. पण खात्यावर 'पुरुष' लिहिलेली ट्रान्स स्त्री त्या यादीत येणार कशी? घर लहानपणीच सुटलेलं, त्यामुळे रेशन कार्डावर नाव असलंच तर आईवडिलांच्या गावी. इकडे बधाई बंद, सिग्नलवर मागणं बंद.

कायदा होता ना? होता. स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा निकालात मान्य केला होता. 2019 चा कायदा 10 जानेवारी 2020 ला लागू झाला. त्यात ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा होता. पण नियम आले सप्टेंबरमध्ये. मार्चमध्ये हक्क होता, अर्जाचा नमुना नव्हता.

आता आपल्या बाजूची चूक. महामारीत सर्वेक्षणं फोनवर झाली, गूगल फॉर्मवर झाली, संस्थांच्या ओळखीने झाली. म्हणजे ज्यांच्याकडे फोन आणि संस्था होती, त्याच सापडल्या. मदतही बहुधा त्यांच्यापर्यंतच पोहोचली होती! मग 'बहुतेकींना मदत मिळाली' हा निष्कर्ष नमुना निवडतानाच ठरून जातो.

मी विज्ञान शाखेतून आलेय, नमुना-दोष पाठ होता. तरी माझ्या पहिल्या प्रश्नावलीत 'स्त्री / पुरुष / इतर' असंच होतं. एका ट्रान्स स्त्रीने 'स्त्री'वर खूण केली. बरोबरच होतं तिचं. मी मात्र विश्लेषणासाठी 'इतर' तेवढ्या गाळून घेतल्या आणि ती माझ्या तक्त्यातून गेली. सरकारी यादीने जे केलं, तेच मी एक्सेलमध्ये केलं. दोन महिन्यांनी मूळ फॉर्म चाळताना ते लक्षात आलं.

तेव्हापासून मी दोन प्रश्न वेगळे विचारते: तुम्ही स्वतःला काय म्हणता, आणि तुमच्या कागदावर काय लिहिलंय? या दोन उत्तरांतलं अंतर मोजल्याशिवाय 'लाभ मिळाला का' हे विचारून फारसं काही कळत नाही. तुमच्या प्रश्नावलीत हे दोन्ही प्रश्न आहेत का, आजच बघा.